ही कोणाची आई?

नाते लावल्याशिवाय आमच्या हिला कोणतीही गोष्ट समजत नाही. नाटक असो, लग्न असो की शेजाऱ्यांकडे उतरलेले पाहुणे असोत, हिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हा तिचा कोण?" तो सुटला की मग पुढचे कथानक. गेल्या वर्षी लेकीकडे न्यू जर्सीला चार महिने राहून आलो, तेव्हा हिच्या या सवयीपायी मी अशा एका घरच्या नात्यागोत्यांत गुंतलो, की जे घर मुळात कधी नव्हतेच.

नातू नऊ वर्षांचा. त्याला एका जुन्या कृष्णधवल विनोदी मालिकेचे वेड लागले होते. 'द अ‍ॅडम्स फॅमिली' तिचे नाव. १९६४ ते १९६६ एवढाच काळ ती अमेरिकेत एबीसीवर चालली. भाग अवघे ६४. मूळची ही मंडळी चार्ल्स अ‍ॅडम्स या व्यंगचित्रकाराची. १९३८ पासून तो त्यांना 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात काढीत होता, पण चित्रांत त्यांना नावेसुद्धा नव्हती. टेलिव्हिजनवर यायचे ठरले तेव्हा कुठे त्यांचे बारसे झाले. आणि नावे आली की नाती आलीच!

बिऱ्हाड मोठे विलक्षण. वाडा भुताटकीचा. यजमान गोमेझ, त्याची काळ्या झग्यातली बायको मॉर्टिशिया, मुले वेन्सडे आणि पग्सली. ही बाई गुलाबाची फुले कापून टाकते आणि काटेरी दांड्या फुलदाणीत ठेवते. बायकोने फ्रेंचमधला एक शब्द उच्चारला, की गोमेझ भान विसरून तिच्या हाताची चुंबने घेत सुटतो. ही क्षणभर पदराशी चाळा करीत गप्प बसली आणि मग म्हणाली, "काही म्हणा, नवराबायकोचं पटतंय हो चांगलं."

मग पडद्यावर आला फेस्टर. टक्कल, डोळ्यांभोवती काळी वर्तुळे, तोंडात विजेचा दिवा धरला की तो आपोआप पेटतो. (हे काम करणारा जॅकी कूगन म्हणजे चॅप्लिनच्या १९२१ सालच्या 'द किड'मधला तो गोजिरवाणा पोर, हे कळल्यावर मला मात्र आपल्या वयाची जाणीव झाली.)

"हा कोण?"

"अंकल फेस्टर," नातू म्हणाला.

"अरे, अंकल म्हणजे कोण? काका, मामा, मावशीचा नवरा, की आत्याचा?"

पोर गोंधळले. लेकीने स्वयंपाकघरातून सांगितले, की मालिकेत तो मॉर्टिशियाचा अंकल आहे. म्हणजे मुलांच्या आईचा. तरी मुलेही त्याला अंकल म्हणतात आणि जावईही अंकलच म्हणतो. दोन पिढ्यांना एकच शब्द! इंग्रजीचे भागते, हिचे कसे भागावे? हिने कागद मागवला, नातवाला पेन्सिल दिली आणि निकाल दिला : "मामाच असणार. पुतणीच्या सासरी काका एवढे दिवस राहायचा नाही. भाचीकडे मामाच राहतो." त्यामुळे फेस्टर गोमेझचा मामेसासरा झाला. घरातली ग्रँडमामा ही गोमेझची आई, म्हणजे मॉर्टिशियाची सासू. अधूनमधून मॉर्टिशियाची आई हेस्टर येते, ती तिची विहीण. कागद भरत चालला. हिला समाधान वाटले.

ते शनिवारपर्यंत टिकले. शनिवारी नातवाने याच मंडळींचा १९९१ सालचा चित्रपट लावला. त्यात फेस्टर हा गोमेझचा भाऊ निघाला, तोही थोरला! पंचवीस वर्षे बेपत्ता असलेला भाऊ परत येतो, तो खरा की तोतया, यावर सगळे कथानक.

"अहो, काल मामेसासरा होता, आज दीर?" ही म्हणाली. "मग ती त्याच्यासमोर अशी वावरते कशी?"

मला वाटते, चित्रपटवाल्यांना हे करणे भागच होते. घरात तिजोरी होती, तिच्यावर डोळा ठेवणारा वकील होता. बायकोचा मामा परत आला तर चहा टाकतात; भाऊ परत आला तर कागदपत्रे काढतात. इस्टेट नसती, तर फेस्टर जन्मभर नुसता अंकल राहिला असता आणि कोणाचे काही अडले नसते.

आजीचे तर याहून विचित्र. चित्रपटात गोमेझचे आईबाप स्मशानात पोचलेले. तेव्हा घरातली म्हातारी बायकोकडची असणार. २०१० साली ब्रॉडवेवर यांचे चक्क संगीत नाटक आले. त्यात नवराबायकोला एकाएकी उमगते, की इतकी वर्षे आपण दोघेही या म्हातारीला दुसऱ्याची आई समजत होतो! लेकीने हा विनोद सांगितला तेव्हा सगळे हसले. मला मात्र एकदम गिरगाव आठवले.

आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत दोन आज्या होत्या. एक वडिलांची आई. दुसरीला आम्ही पलीकडची आजी म्हणत असू. ती आईची आई, असे मी धरून चाललो होतो. काका-मामाच्या बाबतीत एवढी काटेकोर असलेली आपली मराठी दोन्हीकडच्या आज्यांना एकच शब्द देऊन मोकळी होते. मग पोराने शंका का घ्यावी? आई लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटले, ही सासूची बहीण असणार. मावससासूचा मान तिने शेवटपर्यंत दिला.

१९६७ साली पलीकडची आजी गेली. नोंद करायला वडिलांबरोबर मी गेलो होतो. कागदावर 'मृताशी नाते' असा रकाना होता. तिथे वडिलांचे पेन थांबले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि लिहिले, 'मुलगा'.

परत येताना त्यांनी सांगितले. ती पलीकडच्या खोलीतली भाडेकरीण. नवरा गेला, भाडे थकले, तेव्हा आमच्या आजीने तिची ट्रंक उचलून आपल्या खोलीत आणून ठेवली. वडील तेव्हा पाच वर्षांचे होते. "कोण म्हणून आईनं सांगितलं नाही," ते म्हणाले, "आणि मी विचारलं नाही. शाळेचा डबा तीच करायची." घरी येऊन त्यांनी दहा दिवस सुतक पाळले. भटजींनी गोत्र विचारले तेव्हा आमचेच सांगितले.

हे सगळे मी त्या शनिवारी बोलून गेलो. लेकीने हे पूर्वी कधी ऐकले नव्हते. हीसुद्धा बराच वेळ काही बोलली नाही, आणि कागद तसाच तिच्या मांडीवर पडून होता. नातवाने पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारले,

"आजोबा, मग ती तुमची कोण?"

"आजी," मी म्हणालो.

"ओके," तो म्हणाला आणि त्याने पुढचा भाग लावला.