शेवटचं कडवं

तू कुठे आहेस?

शब्द आहेत. चाल आहे. चालीखाली ड्रम मशीनचा ठेका आहे, न दमणारा, कुणासाठीही न थांबणारा. ज्या गळ्यातून तू यायचं होतंस तो गळा तेवढा नाही. त्याच्यावाचून तू असूनही नाहीस.

1991. मे महिना. जिनिव्हा सरोवराच्या काठचं मोंत्रो. पाण्यापलीकडे डोंगर, डोंगरांच्या माथ्यावर उरलंसुरलं बर्फ, आणि त्या बर्फावरून पाण्यात, पाण्यावरून गावात उतरणारा लांबच लांब उजेड. गावातल्या कसिनोच्या इमारतीत क्वीन या बँडचा माउंटन स्टुडिओ. तिथे बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी गात होता. 'मदर लव्ह'.

गिटारवादक ब्रायन मे चिटोऱ्यावर ओळ लिहायचा. शाई वाळते न वाळते तोच तिचा आवाज व्हायचा. मग पुढची ओळ. मग तिच्या पुढची.

गाणं असं होत नाही एरवी. गाणं मुरतं. महिनोन् महिने मनाच्या तळाशी पडून राहतं, एखाद्या पहाटे आपणहून वर येतं. इथे मुरायला वेळ नव्हता. बाकीच्या दोघांची, रॉजर टेलर आणि जॉन डीकनची वाट पाहण्याइतकाही नव्हता. म्हणून तो यंत्राचा ठेका. मिळेल ते लिहून द्या, मी गाऊन ठेवतो, पुरं तुम्ही नंतर करा, असं त्याचं म्हणणं. गाऊन ठेवतो. आवाजाची बेगमी करत होता तो. ज्या दिवसांत आपण नसणार त्या दिवसांसाठी.

मधल्या भागाशी आला आणि त्याला ते पुरेना. इथे सूर वर गेला पाहिजे, अजून वर. मग पायांत उभं राहण्याचं बळ न उरलेला तो माणूस, व्होडकाचे घोट घशाखाली उतरवून, होतं नव्हतं तेवढं अंग गोळा करून ताठ उभा राहिला, आणि त्या खंगलेल्या छातीतून, जिथे आता हाडं मोजता आली असती तिथून, जो सूर निघाला तो आजाऱ्याचा नव्हता, म्हाताऱ्याचा नव्हता, निरोप घेणाऱ्याचाही नव्हता, तो चढत गेला, डोंगर चढतात तसा दम खात नव्हे तर पाखरू चढतं तसा, हवेलाच पायरी करत, आणि टोकावर पोचून क्षणभर असा उभा राहिला की ऐकणाऱ्याने आपला श्वास त्याला द्यावा.

मग तो खाली उतरला.

मग तुझी पाळी होती.

आज बरं वाटत नाही, म्हणाला. इथेच थांबू. परत आलो की पुरं करू.

तू उंबऱ्यातच राहिलंस.

24 नोव्हेंबर 1991. लंडन. केन्सिंग्टनमधलं त्याचं घर, गार्डन लॉज. वय 45.

सरोवरावर उजेड येत राहिला. जात राहिला. 1996 साली त्याच काठावर त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला, मूठ आभाळात, तोंड पाण्याकडे. पुतळ्याला दम लागत नाही. माझं मन तिथे रमत नाही म्हणूनच. मला तो दमलेला हवा आहे, खुर्चीला टेकलेला, पुढच्या चिटोऱ्यासाठी हात पुढे केलेला.

आईकडे परत जाऊ पाहणाऱ्या माणसाचं हे गाणं आहे. जिथून आलो त्या उबेत, त्या काळोखात, जिथे अजून काही मागावं लागत नव्हतं. शब्द जुळवणारा ब्रायन. तरी मला त्यात पाचगणी ऐकू येते. फारुख बलसारा नावाचा झांझिबारचा पारशी मुलगा आठव्या वर्षी तिथल्या सेंट पीटर्स शाळेत आला. आई आफ्रिकेच्या काठावर, आणि मध्ये अख्खा अरबी समुद्र. तिथेच त्याची बोटं पियानोवर स्थिरावली. तिथेच सवंगड्यांनी त्याला फ्रेडी केलं. पावसाळ्यात पाचगणीला धुकं उतरलं की सिल्व्हर ओकच्या रांगा एकेक करून पुसल्या जातात, हाकेच्या अंतरावरचं माणूस नुसता आवाज होऊन उरतं. अशा धुक्यात आठ वर्षांच्या पोराने आईला कशी हाक मारली असेल? मनातल्या मनात. ओठ न हलवता.

कदाचित हे माझंच ऐकणं असेल. असू दे. त्या वरच्या सुराच्या तळाशी मला ते पोर दिसतं, आणि दिसतं ते दिसतं.

1995च्या नोव्हेंबरात 'मेड इन हेवन' हा अल्बम आला, आणि जगाने हे गाणं ऐकलं. फ्रेडी गातो. फ्रेडी गातो. फ्रेडी गातो. आणि मग, जिथे तू असायचंस तिथे, ब्रायन.

किती साधा आवाज. पातळ, जपून पाऊल टाकणारा. मित्राच्या रिकाम्या खोलीत शिरताना माणूस जसा कशालाही हात लावत नाही, तसा. त्याची नक्कल करण्याचा प्रयत्नच नाही. आपल्याकडे मैफलीत बुवांचा दम सरला की मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य स्वर उचलतो, आणि बुवा डोळे मिटून मान हलवतात. इथे शिष्य नव्हता, बरोबरीचा मित्र होता. आणि मान हलवायला पुढे कुणी नव्हतं.

आता यंत्रं आली आहेत. गेलेल्याचा गळा उसना आणून तुला त्याच्या आवाजात उभं करतील, हुबेहूब, एका दुपारात. नको. माझं ऐक, तू तसं येऊ नकोस. तुझ्या जागी तुझं नसणंच राहू दे. जो सांधा ब्रायनने लपवला नाही तो कुणी लिंपू नये. या गाण्यात मला सगळ्यात खरं काही लागत असेल तर तो सांधा: एक श्वास संपतो, दुसरा सुरू होतो, आणि मध्ये वर्षं आहेत.

ब्रायनचं कडवं सरतं आणि गाणं मागे पळू लागतं. 1986चं वेम्बली. फ्रेडी एक आलाप फेकतो, स्टेडियमभर माणसं तो झेलून परत फेकतात. मग फीत भरधाव उलगडते, सगळी वर्षं एकमेकांवर आदळतात, त्या गर्दीतून कोवळ्या फ्रेडीची एक ओळ वर येते, क्वीनची पहिली रेकॉर्ड निघण्याआधी लॅरी ल्युरेक्स या नावाने गायलेली. मग तान्ह्या बाळाचं रडणं.

सगळं आहे त्यात. भरलेली छाती आहे, पंचविशीतला गळा आहे, जन्म आहे. तू नाहीस.

त्याची आई, जेर बलसारा, 2016 पर्यंत होती. मुलाच्या मागे जवळजवळ 25 वर्षं. जगाने त्याची सगळी गाणी वाटून घेतली, ज्याला जे हवं ते उचललं, स्टेडियमांनी, रेडिओंनी, लग्नांच्या बँडांनी, माझ्यासारख्या कुणाकुणाच्या रात्रींनी. पण आईला मारलेल्या हाकेचं शेवटचं कडवं, तू, तिचं होतंस. दुसऱ्या कुणाचंच नव्हतंस. आणि तू तिच्यापर्यंत आलंस ते मुलाच्या मित्राच्या आवाजात.