बेडकांचा शेजार

पावसाळा लागल्याचं आम्हाला बेडूक सांगत. पहिला मोठा पाऊस झाला की रात्री घरामागच्या डबक्यातून डराव डराव सुरू व्हायचं आणि म्हातारी माणसं म्हणायची, "लागला बाई पाऊस एकदाचा." सकाळी बघावं तर एरवी मातकट दिसणारे मोठाले बेडूक पिवळेजर्द झालेले, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडत बसलेले. हा थाट नरांचा. माद्या मातकटच राहत.

आता पाऊस मोबाइल सांगतो, तोही तासातासाचा. खरं तर बेडकांचा अंदाज नव्हताच तो. अंडी घालायला पाणी साचलं म्हणून ते नर माद्यांना बोलावत होते. त्या डबक्यांत डासही होत आणि घरोघरी हिवतापही असे. आज डबकी बुजली, अंगणात पेव्हर ब्लॉक आले, पायाला चिखल लागत नाही. पण उन्हाळाभर मातीत दडून राहणाऱ्या जिवाने फरशीखाली शिरायचं तरी कसं?

तेव्हा आम्ही काचेच्या बरणीत बेडूकमासे आणायचो आणि रोज शाळेतून आल्यावर आधी बरणी बघायचो. मागचे पाय फुटत, मग पुढचे. शेपूट गळून पडेल म्हणून आम्ही टपून बसायचो, पण ती कधी पडली नाही; दिवसागणिक आखडत अंगातच जिरली. फुप्फुसं आली की बरणीत दगड ठेवावा लागे, नाहीतर इवलासा बेडूक पाण्यातच गुदमरे. कितीतरी तसे मेले.

आता मुलं हे सगळं मिनिटभराच्या व्हिडिओत बघतात. आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, आणि त्यापायी एकही जीव जात नाही. फक्त उद्या काय दिसेल, ही हुरहूर त्यांच्या वाट्याला येत नाही.

पाऊस लांबला की कित्येक गावांत धोंडी निघे. मुसळाला बेडूक बांधायचा, कडुनिंबाचा पाला गुंडाळायचा आणि दारोदार हिंडायचं. बायका वरून तांब्याभर पाणी ओतत, सुपातलं धान्य देत. बेडूक पाणी पितो ते कातडीतून, श्वासही बराचसा तिच्यातूनच घेतो. उन्हात सुकत चाललेल्या त्या जिवाला तेवढं पाणीच तारत असे. पुढे कॉलेजात बेडकालाच मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवलं. पोट उघडल्यावरही तीन कप्प्यांचं ते हृदय धडधडत होतं.

आता ट्रे गेले. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्ये बंद झाली, विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राण्यांच्या विच्छेदनावर बंदी घातली. फार चांगलं झालं. ते दिवस परत यावेत असं आम्हाला मुळीच वाटत नाही.

पण तेव्हा माया कमी असली तरी ओळख होती. आता माया आहे आणि ओळखच नाही. ज्याचा आवाज कधी ऐकलाच नाही, तो गप्प झाला हे मुलांना कळणार कसं? म्हणून सोसायटीच्या सभेत फरशीचा विषय निघाला की एक कोपरा मातीचा राहू द्या, हे आम्हीच म्हणायला हवं. तिथे कोण राहत होतं, हे आम्ही पाहिलंय.