तीन पायांवरचं विमान

लहान विमानांच्या देखभालीत काम करतो म्हटलं की लोक इंजिनाबद्दल विचारतात, पंख्याबद्दल विचारतात, "भीती नाही का वाटत?" असंही विचारतात. आजवर कुणी जॅकबद्दल विचारलेलं नाही. म्हणून आज न विचारताच सांगतो.

हा जॅक म्हणजे मोटारीच्या डिकीत असतो तो नव्हे. मधोमध उभा सिलिंडर, त्यातून वर येणारा दट्ट्या, भोवती तिरके फाकलेले तीन पाय आणि बाजूला दांडा असलेला छोटा हातपंप. दोन पंखांखाली असे दोन जॅक लावायचे, शेपटाला खालून एक आधार द्यायचा, की अख्खं विमान जमीन सोडतं. उडतानाही सोडतंच म्हणा, पण हे जरा वेगळं. ज्या विमानांची चाकं उडताना पोटात जातात, त्यांची चाकं नीट आत जातात का, परत बाहेर येऊन लॉक होतात का, हे जमिनीवर बघायचं तर विमान असं टांगल्याशिवाय इलाज नाही.

तीन पाय का? खेड्यात चूल तीन दगडांची का मांडतात, तेच उत्तर. तीन दगड कशाही जमिनीवर बसतात, डुगडुगत नाहीत. चौथा आला की त्याच्याखाली खापरी शोधत बसा. पण चुलीवरचं भांडं जसं तीन दगडांच्या आत असावं लागतं, तसंच इथे. भार त्या त्रिकोणाच्या मधोमध, सरळ खाली यायला हवा. तो कडेला सरकला की तीन पायांचा जॅक फारशी सूचना न देता कलंडतो.

आता वजन. सेसना १७२ एस हे विमान रिकामं असताना सुमारे साडेसातशे किलोचं, आणि माणसं, इंधन, सामान सगळं धरून जास्तीत जास्त ११५७ किलोचं. जॅक दोन-तीन टनांचा. म्हणजे उचलणं हा प्रश्नच नाही. उचललेलं तसंच धरून ठेवणं हा खरा प्रश्न आहे.

उचलण्याचं गणित शाळेतलंच, पास्कलचं. समजा पंपाचा दट्ट्या १ सेंटिमीटर व्यासाचा आणि मोठा दट्ट्या ४ सेंटिमीटरचा. क्षेत्रफळात १६ पट फरक. त्यात दांड्याची तरफ दहा पटींची धरली तर हाताने दोन किलो जोर लावून वर तीनशेवीस किलो उचलले जातात. फुकट काहीच नाही, त्यामुळे छोटा दट्ट्या अडीच सेंटिमीटर गेला की मोठा जेमतेम दीड मिलिमीटर सरकतो. वीतभर उचलायला सव्वाशे-दीडशे वेळा दांडा मारा. नवी पोरं इथे कंटाळतात आणि भराभर मारायला लागतात. दोन बाजूंना दोघे पंप मारतात, तिसरा समोर उभा राहून आवाज देतो, आणि विमान पाळण्यासारखं सपाट वर जायला हवं. एक जण घाईत असला की विमान तिरकं होतं, आणि तिरकं विमान जॅकला आडवं ढकलतं. आडवा जोर हीच तर नको असलेली गोष्ट.

पास्कलचा नियम सतराव्या शतकातला, पण त्यावरचं दाबयंत्र जोसेफ ब्रामाने पेटंट केलं ते १७९५ साली. मधली इतकी वर्षं का गेली, याचं माझं उत्तर आहे: वायसर. गळती! नियम कागदावर गळत नाही, लोखंडात गळतो. तेव्हा वापरात आली ती चामड्याची वाटी. आत दाब वाढला की वाटीची कड आपोआप भिंतीला आणखी घट्ट चिकटते. आपल्याकडच्या रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात हाच चामड्याचा वायसर असायचा. तो वाळला की आई खोबरेलाचं बोट फिरवायची आणि स्टोव्ह परत भरभरायला लागायचा. आजच्या जॅकमध्ये चामड्याऐवजी कृत्रिम रबर आहे, तत्त्व तेच.

या रबरावरून एक सांगायलाच हवं. लहान विमानांच्या ब्रेकमध्ये आणि पुष्कळ जॅकमध्येही लाल रंगाचं खनिज तेल असतं. हँगरमध्ये त्यालाही "ब्रेक ऑइल"च म्हणतात. आणि स्पेअर पार्टच्या दुकानात "ब्रेक ऑइल द्या" म्हटलं की मोटारीचं मिळतं, जे मुळात खनिज तेलच नाही. ते जॅकमध्ये गेलं की आतलं रबर फुगतं, मऊ पडतं. गंमत म्हणजे लगेच काहीच होत नाही. जॅक आठवडाभर छान चालतो. असो.

आता लॉक नट. दट्ट्यावर आटे असतात आणि त्यावर एक जाड नट. दट्ट्या वर चढेल तसतसा हा नट फिरवत खाली आणायचा, सिलिंडरच्या डोक्याला टेकेल असा. मग तेलाचं काहीही होवो, वजन लोखंडावर बसलेलं असतं. तेलाचं होतंही बरंच काही. देशावर हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. वीस सेंटिमीटर उंच तेलाचा स्तंभ तेवढा थंड झाला तर नुसता आकसूनच दोनेक मिलिमीटर खाली येतो. जॅक बिघडलेला नसताना!

आणि बिघडलेला असला तर? मी एका हँगरमध्ये (नाव नको) हे पाहिलं आहे. खालच्या पंखाचं विमान, जॅकवर चढवलेलं, चाकांची चाचणी व्हायची होती. मंडळी जेवायला गेली. डाव्या जॅकचा नट दोन-तीन बोटं वरच राहिला होता. परत आलो तर डावा पंख खाली आणि उजव्या जॅकचा एक पाय फरशीपासून सुटलेला. त्या पायाखालून कागद सरकला असता, इतकाच. पण विमानाखाली तेव्हा ट्रॉली होती, आणि तासाभरापूर्वी तिथे एक शिकाऊ पोरगा पाठीवर झोपून काम करत होता. आमचे हेडमिस्त्री कुणावर ओरडले नाहीत. आधी चाकं बाहेर आणि लॉक आहेत याची खात्री केली, खालचं सगळं काढायला लावलं, आणि उजवी बाजू चिमटीचिमटीने खाली घेत डावीच्या बरोबरीला आणली. मग दोन्ही मिळून खाली.

जॅक उघडला तेव्हा आत तेल परतवून न देणारा जो छर्रा असतो, त्याच्या बैठकीवर टेफलॉन टेपची एक चिंधी अडकलेली. तांदळाच्या कणीएवढी. कुणी, कधी जोडाला टेप गुंडाळली ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्या जॅकची कसलीही नोंद नव्हती. त्याच विमानाच्या प्रत्येक चाकाची, टायरची, बेअरिंगची नोंद होती. ज्यावर ते सगळं टांगलं होतं, त्याची नव्हती. जॅक उडत नाही ना! चांगल्या हँगरमध्ये जॅकच्या अंगावरच भारचाचणीची तारीख रंगवलेली असते. मी नव्या ठिकाणी गेलो की आधी ती शोधतो. विमानं नंतर.

शेपटाचंही थोडं. पायपर पीए-२८ जॅकवर घेताना शेपटाच्या आधारावर सुमारे अडीचशे पौंड, म्हणजे ११३ किलो, वजन ठेवायला सांगतात, कारण विमान नाकाकडे जड असतं. पण तसंच टांगलेलं असताना कुणी इंजिन काढलं, तर तोल उलटा शेपटाकडे जातो. जॅक तेच, विमान तेच, फक्त सकाळचा हिशोब दुपारी लागू नाही.

सेसनाचं एकच चाक काढायचं असेल तर पंखाखाली जायची गरज नाही, चाकाच्या पायालाच जॅक लावता येतो. मात्र तो पाय म्हणजे स्प्रिंगच. भार सुटला की चाक आतल्या अंगाला सरकतं आणि जॅकला सोबत कलतं करतं. तेव्हा थांबायचं, खाली घ्यायचं, जॅक सरळ करायचा, पुन्हा उचलायचं. हे दोनदा करायचा आळस फार जणांना असतो.

खाली उतरवताना आधी किंचित वर उचलावं लागतं, नाहीतर नट सुटत नाही. मग रिलीज व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडायचा. चाकं टेकली तरी काम संपत नाही. पाय फाकतात, पंख आणखी खाली येतो, आणि दट्ट्या पूर्ण आत गेलेला नसेल तर पंख त्याच्यावरच बसतो. दट्ट्या तसाही आतच ठेवायचा, उघडा राहिला तर समुद्राकाठच्या हवेत एका पावसाळ्यात गंज धरतो आणि तो गंज सील फाडतो. तेलाची पातळीही दट्ट्या आत असतानाच बघायची.

मग पुसून जॅक कोपऱ्यात. तिथे त्यांच्यावर कुणीतरी हटकून जेवणाचा डबा ठेवतं. तो मी उचलून बाकावर ठेवतो.