रंगाच्या पाठीमागे

जलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. तैलरंगाचं तसं नाही. त्यातलं जवसाचं तेल उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन शोषून हळूहळू घट्ट होत जातं. वरून कोरडा वाटला तरी आत तो कितीतरी काळ बदलत असतो, आणि ज्या वस्तूवर बसला तिच्याशी त्याचं पटतं की नाही हे उशिरा कळतं. मला हा रंग आवडतो तो त्याच्या या स्वभावासाठी.

माझी त्याची पहिली ओळख भिंतीवरची. कोकणातल्या आमच्या घरात माजघराला कमरेएवढा ऑइलपेंटचा पट्टा होता, वर चुना. मुलांच्या हातांनी भिंत मळू नये म्हणून ही व्यवस्था. पावसाळ्यात जोत्यातून ओल चढायची. चुन्यातून ती बाहेर पडायची, ऑइलपेंटखाली मात्र कोंडली जायची. गणपती येईपर्यंत पट्ट्याला फुगे धरायचे, मग पोपडे. रंगकाम करणारे तात्या नखानं एक पोपडा उचलून त्याची मागची बाजू आधी बघत. नव्या गिलाव्यावर तर ते हा रंग लावूच देत नसत. "एक पावसाळा जाऊ दे," म्हणत. ताज्या चुन्यातला क्षार तेलाचा साबण करून टाकतो, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. तात्यांना ते हातानं माहीत होतं.

भिंतीनं लिओनार्दोलाही सोडलं नाही. मिलानच्या मठातलं ‘द लास्ट सपर’ त्यानं १४९५ ते १४९८ च्या सुमारास रंगवलं. ओल्या गिलाव्यावर झपाट्यानं काम उरकण्याची रीत त्याला नको होती, म्हणून कोरड्या भिंतीवर तेल आणि अंड्याच्या मिश्रणातले रंग त्यानं वापरले. तो हयात असतानाच ते चित्र सुटू लागलं. उलट अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांमध्ये सातव्या शतकाच्या आसपासची तेलात कालवलेल्या रंगांची भित्तिचित्रं आजही शिल्लक आहेत. त्यांतलं तेल संशोधकांनी ओळखलं आणि २००८ मध्ये ते जगापुढे आलं. युरोपात हा रंग रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पत्र्याशी गाठ पडली ती शाळेच्या वाटेवर. तिथे दुकानांचे बोर्ड रंगवणारा एक पेंटर बसायचा. अक्षरं तो भराभर काढी, पण त्याआधी काचपेपरनं घासणं, पुसणं, रेड ऑक्साइडचा हात देणं, यात त्याचा दिवस जाई. गॅल्वनाइज्ड पत्रा आला की तो नाराज असायचा. नव्याकोऱ्या जस्ताला हा रंग धरत नाही, सालीसारखा निघून येतो. काचेचं काम याहून अवघड. आमच्या देवघरातली लक्ष्मी काचेच्या मागच्या बाजूनं रंगवलेली होती. तिथे सगळा क्रम उलटा असतो. डोळ्यांतली चमक, नथीतले मोती आधी, पार्श्वभूमी शेवटी. एकदा वर रंग चढला की खालच्या रेषेला पुन्हा हात लावता येत नाही.

चित्रकला शिकायला गेले तेव्हा सरांनी रंगाच्या ट्यूब कपाटात ठेवल्या आणि आमच्या हातात मांजरपाट दिला. चौकटीवर ताणायचा, सरसाचा हात द्यायचा, वाळला की सरसात खडूची पूड कालवून अस्तर चढवायचं, घासायचं, पुन्हा चढवायचं. तेल थेट सुताला लागलं तर काही वर्षांत कापड कुजून ठिसूळ होतं, म्हणून हा खटाटोप. आज अस्तर लावलेला कॅनव्हास दुकानात तयार मिळतो. सोय मोठीच आहे, पण प्रत्येक विद्यार्थ्यानं एक तरी कॅनव्हास स्वतः ताणून तयार करायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. त्याशिवाय कुंचल्याला खालून होणारा विरोध हाताला कळत नाही.

लाकूड मी पुष्कळ वापरलं. फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घट्ट झालेल्या रंगाला तिच्याबरोबर हलता येत नाही. मग रेषांच्या दिशेनं बारीक तडे जातात. तांब्याचं तसं होत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात थोरल्या यान ब्रूगेलसारख्या चित्रकारांनी तांब्याच्या लहान पत्र्यांवर चित्रं काढली. दमट हवेनं तांबं फुगत नाही, म्हणून त्यांतली पुष्कळ आजही नितळ आहेत.

आपल्याकडे अनेक घरांत आजोबा-पणजोबांची तैलचित्रं आहेत, गावातल्याच कुणा चित्रकारानं फोटोवरून केलेली. तुमच्याकडे असेल तर या पावसाळ्याआधी ते उतरवा आणि पाठीमागून बघा. कापडावर डाग, बुरशी किंवा ओलीचा वास असेल तर ती भिंत बदला. चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे लावून हवेला वाट ठेवा. ओल्या फडक्यानं पुसू नका, चकाकी यावी म्हणून तेलही चोळू नका. रंग सुटू लागला असेल तर चित्र जाणकाराकडे न्या, आणि नेताना ते आडवं, रंगाची बाजू वर ठेवून न्या.