मासात्लानची दोन घड्याळे

डिसेंबर २०१९. लॉस एंजेलिसहून निघालेले आमचे जहाज मेक्सिकोच्या मासात्लान बंदराला लागले. जहाजवाल्यांच्या सहलीचा भाव ऐकून आमची ही म्हणाली, "अहो, आपल्याला पाय आहेत ना?"

बंदरापासून जुन्या गावापर्यंत वाट दाखवायला रस्त्यावर निळी रेघ ओढलेली होती. पण ऊन चढले, तसे आम्ही 'पुलमोनिया'त बसलो. ही तिथली १९६५ पासूनची उघडी टॅक्सी. दारे नाहीत, काचा नाहीत, आणि नावाचा अर्थ न्यूमोनिया! भाडे आधी ठरवावे, आणि डॉलर की पेसो तेही विचारून घ्यावे. मंडळी, दोहोंचे चिन्ह एकच!

हिला पाहायचे होते ते आंखेला पेराल्ताच्या नावाचे नाट्यगृह. मेक्सिकोची ही थोर गायिका १८८३ साली मासात्लानला गायला आली आणि पीतज्वराने तिथेच गेली. हिचे स्वतःचे गाणे सुटून वीस वर्षे झालेली.

मी मात्र आधी मंडईत रमलो. नाट्यगृहाच्या दाराशी पोहोचतो, तो शेजारच्या दुकानातल्या घड्याळात चार! साडेचारच्या आत जहाजावर परतायचे होते. मिळेल त्या टॅक्सीने बंदर गाठले. जहाजावर पाहतो तर सव्वातीन!

मासात्लानची वेळ तासाने पुढे. जहाज मात्र लॉस एंजेलिसचीच वेळ पाळत होते. तशी छापील सूचना माझ्या खिशातच होती.

"जाऊन येऊ या?" हिने विचारले. मला धीर झाला नाही. जहाज सुटेपर्यंत ही कठड्याशी उभी राहून काहीतरी गुणगुणत होती.