सव्वा किलोची बाटली

चंडीगडला येऊन तीन वर्षं झाली तरी आमच्या घरी कुणी पाहुणे म्हणून आले नव्हते. आम्ही मात्र सगळ्यांकडे जाऊन आलो होतो. पंजाबी घरी जेवायला बोलावणं म्हणजे काय, ते आम्हाला लवकर कळलं: ताटात मोकळी जागा दिसली तर यजमान स्वतःचा अपमान समजतात. पण विद्यापीठातल्या ओळखीच्या मंडळींत आणखी एक पद्धत होती. संध्याकाळी सहा-आठ जणांनी जमायचं, दोन-तीन वाइन, चार तऱ्हेचं चीज आणि गप्पा. अशा दोन संध्याकाळी मी टेबलावरच्या वस्तूंची किंमत मनात जोडत बसले होते. एकेक वेष्टन फ्रान्सचं, इटलीचं. माझी नोकरी दर सहा महिन्यांनी नव्याने होणारी, नवऱ्याची शिष्यवृत्ती संपत आलेली. तरी उलट बोलावणं करणं भाग होतं. २०१८च्या फेब्रुवारीत मी सहा जणांना सांगून टाकलं आणि साडेतीन हजार रुपये पाकिटात घालून बाजूला ठेवले.

त्याच आठवड्यात नाना आले.

नाना म्हणजे माझे वडील. दिंडोरी तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग. पूर्वी फेब्रुवारीत, ऐन काढणीच्या दिवसांत, नाना घर सोडून कुठे गेल्याचं मला आठवत नाही. बाग भावाच्या हाती गेल्यापासून ते बाहेर पडू लागले होते. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाची वारी चुकत नाही. आणि मी त्यांच्या समोर वाइन ओतणार होते.

त्यात आणखी एक गोष्ट होती. २००४ साली नानांनी तीनपैकी एका एकरात शिराझ लावली होती. २००१मध्ये महाराष्ट्र सरकारचं वाइनविषयक धोरण आलं, नाशिककडे एकामागून एक वायनऱ्या उभ्या राहिल्या, आणि खाण्याच्या थॉमसनपेक्षा ही द्राक्षं बरी असं सगळे सांगत होते: मण्याच्या आकाराची कटकट नाही, दर आधी ठरलेला. गावात लोक म्हणत, ‘माळ गळ्यात आणि दारू मळ्यात.’ नाना हसून सोडून देत. चांगल्या वर्षी किलोला पस्तीस रुपये मिळाले. मग २००८ची मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. आमचा माल ज्यांनी उचलायचा त्यांनी उचलला नाही, आधीचे पैसेही थकवले. जिल्ह्यात अनेकांनी वाइनच्या वेली उपटल्या. आमची शिराझ २०१०मध्ये गेली. मी त्या वेळी पुण्यात शिकत होते. फोनवर नाना एवढंच म्हणाले, “रान मोकळं केलं.”

चंडीगडच्या मित्रमंडळींना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी ‘नाशिकची’ एवढं सांगत असे. त्यावर कुणी ‘अरे वा, वाइन कंट्री!’ म्हणालं की मीही हसत असे.

तर हिशेब. दारूच्या दुकानाला इथे ठेका म्हणतात. तिथून नाशिकच्या शिराझच्या दोन बाटल्या आणल्या, सातशे चाळीसला एक. तिसरी हिमाचलची सफरचंदाची वाइन, चारशे वीस. एका बाटलीत दीडशे मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. तीन बाटल्या, पंधरा ग्लास, आमच्यासह आठ माणसं. पुरे. चीज माणशी सत्तर-ऐंशी ग्रॅम लागतं. देशी गाउडा आणि चेडरचा एकेक तुकडा घेतला, दोन्ही मिळून सातशे. तिसरं चीज म्हणून दोन लिटर दुधाचं दही लावलं आणि रात्रभर फडक्यात टांगलं. श्रीखंडाचाच चक्का, फक्त साखरेऐवजी मीठ, ठेचलेला लसूण आणि भरडलेली मिरी. अपनी मंडीतून, म्हणजे शेतकरी वारावारी एकेका सेक्टरमध्ये भरवतात त्या बाजारातून, पेरू आणि स्ट्रॉबेरी. पाव किलो अक्रोड, एक पाव. बिस्किटं घेतलीच नाहीत; वहिनी सोलापूरची, तिने नानांबरोबर कडक भाकरी पाठवली होती. तिचे तुकडे केले. पाकिटात दीडशे रुपये उरले.

बाटल्या मी ओट्याखाली, गव्हाच्या डब्यामागे ठेवल्या होत्या. दुपारी चहा करायला गेलेल्या नानांना त्या दिसल्या. मी आत गेले तेव्हा एक बाटली त्यांच्या हातात होती आणि चष्मा कपाळावर चढवून ते किंमत वाचत होते.

“सातशे चाळीस?”

“हो, नाना.”

“हिला सव्वा किलो माल लागतो गं.” थोडा वेळ ते गप्प राहिले. “आपल्याला चव्वेचाळीस रुपये पडले असते.”

मला बोलायला बरंच काही होतं. आपला दर दहा वर्षांपूर्वीचा. बाटली, बूच, वाहतूक, कर, टाकीत अडकलेला पैसा, दुकानदाराचा वाटा, हे सगळं त्या सातशे चाळीसमध्ये असतं. यातलं बहुतेक मला त्यांनीच कधीतरी शिकवलं होतं. मी काहीच बोलले नाही. त्यांनी बाटली होती तशी डब्यामागे ठेवली आणि विचारलं, “लोक किती वाजता येणार?”

“नाना, तुम्हाला चालणार नसेल तर मी—”

“लोकांना बोलावलंय ना? मग आता काय.”

सात वाजता मंडळी आली. खुर्च्या कमी होत्या, म्हणून शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी स्वतःच्या दोन आणल्या, सागवानी, वेताने विणलेल्या, तिरक्या पायांच्या. पिएर जानरे या वास्तुकाराने कॉर्ब्युझिएबरोबर हे शहर उभारताना सरकारी कचेऱ्यांसाठी आणि विद्यापीठासाठी असं स्वस्त फर्निचर केलं होतं. ते मोडलं की भंगारात, लिलावात जायचं. परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचललं आणि आज युरोपातल्या लिलावांत अशा खुर्च्यांना लाखांनी किंमत येते. प्राध्यापकांनी त्यांची जोडी विद्यापीठाच्या एका लिलावात काही रुपयांना घेतली होती. ते ही गोष्ट नेहमी सांगतात, त्या दिवशीही सांगितली. नाना हिंदीत म्हणाले, “जिसने बनाई, उसको क्या मिला?” प्राध्यापक थोडे थांबले. “मजदूरी, भाईसाब. और क्या.”

वाइन व्हरांड्यात ठेवली होती. फेब्रुवारीतल्या चंडीगडला त्यासाठी फ्रिज लागत नाही. जम्मूच्या एक मैत्रीण घरून आलेली कलाडी घेऊन आल्या होत्या. हे डोगरी चीज. तव्यावर तेलाशिवाय टाकलं की स्वतःच्याच स्निग्धात खरपूस होतं. माझ्या चौथ्या चीजची सोय झाली. चक्का सगळ्यांत आधी संपला. कडक भाकरीचा आवाज मात्र साऱ्या खोलीभर होत होता.

कुणीतरी ग्लास फिरवत म्हणालं की यात जांभळाचा वास आहे. दुसरं म्हणालं, मिरीचा. आणि मग, का कोण जाणे, मी सांगून टाकलं: आमच्याकडे हीच द्राक्षं होती, नानांनी लावली होती, आणि नानांनीच उपटली.

खोली शांत झाली. मला वाटलं, चूक झाली. पण जम्मूच्या बाईंनी खुर्ची नानांकडे वळवली. “अंकलजी, खाने वाले अंगूर से अलग होता है क्या?”

नाना सांगू लागले, मराठीत, अडलं की हिंदीत. मी मध्ये मध्ये जोडत होते. मणी लहान, साल जाड, बिया असतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. दिवस उन्हाचे आणि रात्री गार असल्या तर रंग भरतो. साखर मोजायचं यंत्र डोळ्याला लावून रोज सकाळी ते ओळीतून कसे फिरत, ते त्यांनी उठून दाखवलं. शेवटच्या वर्षी कुणी न्यायला आलं नाही तेव्हा घड वेलीवरच सुकले आणि पाखरं महिनाभर येत राहिली, हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

एकाने ग्लास त्यांच्यापुढे धरला. नानांनी माळेला हात लावून नाही म्हटलं. मग तो ग्लास हातात घेतला, दिव्यासमोर धरला, वास घेतला आणि परत दिला. “रंग बरा आलाय,” म्हणाले.

मंडळी साडेदहाला गेली. ही पार्टी काटकसरीची होती, हे न सांगताही सगळ्यांना कळलं असणार. मला आता त्याचं काही वाटत नव्हतं. नाना मात्र त्या चव्वेचाळीस रुपयांबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ओट्यावर शिराझच्या दोन्ही बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या. परतीच्या गाडीला निघताना नानांनी एक धोतरात गुंडाळून पिशवीत घातली.

“कशाला हो नाना?”

“तेलाला होईल,” ते म्हणाले. “काच चांगली आहे.”