चित्राचा सातबारा

गेलं वर्षभर मला एक खूळ लागलंय. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन चित्रं! विकत घ्यायची अर्थातच ऐपत नाही (ईएमआय भरून उरतं काय?), पण त्यांचे मालक गोळा करायला पैसे लागत नाहीत. म्हणजे चित्र पहिलं कोणी घेतलं, मग कुणाकडे गेलं, आज कुठे आहे, ही साखळी. कलेच्या जगात याला प्रॉव्हेनन्स म्हणतात. आपल्या भाषेत चित्राचा सातबारा, फेरफारांसकट.

कोड लिहिणाऱ्यांना आवडेल अशी एक गंमत. अमेरिकेतली बरीच म्युझियम्स ही साखळी लिहिताना, चित्र थेट एकाकडून दुसऱ्याकडे गेलं असेल तर दोन मालकांमध्ये सेमीकोलन देतात. मधला दुवा माहीत नसेल तर पूर्णविराम. एका टिंबात चाळीस वर्षं गडप! १९३३ ते १९४५ मधल्या युरोपातल्या टिंबांकडे तर सगळेच संशयाने बघतात, कारण नाझींची लूट तिथेच लपलेली असू शकते.

माझं सगळ्यात लाडकं चित्र फ्रेडरिक चर्चचं 'द आइसबर्ग्ज'. जवळजवळ साडेनऊ फूट रुंद. १८६१ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शनात लागलं आणि नशीब बघा, जेमतेम बारा दिवस आधी यादवी युद्ध सुरू झालेलं. गिऱ्हाईक मिळेना. मग चर्चने त्यात एक तुटलेली डोलकाठी रंगवली (रिलीजनंतरचा पॅच!) आणि १८६३ मध्ये चित्र लंडनला नेलं. एडवर्ड वॉटकिन नावाच्या रेल्वेवाल्या बड्या असामीने ते घेऊन मँचेस्टरजवळच्या आपल्या बंगल्यात लावलं.

आणि चित्र गायब झालं. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी ते हरवलं असंच धरलं. पुढे त्या बंगल्यात मुलांचं सुधारगृह आलं. १९७९ साली चित्र सापडलं ते तिथेच, जिन्यात टांगलेलं! त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लिलावात ते २५ लाख डॉलर्सना गेलं. तोवर कुठल्याही अमेरिकन चित्राला एवढी किंमत आली नव्हती. घेणाऱ्यांनी ते डॅलसच्या म्युझियमला देऊन टाकलं. आज तिथे कोणीही बघू शकतं.

उलटं उदाहरण अ‍ॅशर ड्युरँडच्या 'किंड्रेड स्पिरिट्स'चं. १८४९ मध्ये ते कवी ब्रायंटला भेट मिळालं, १९०४ मध्ये त्याच्या मुलीने न्यूयॉर्कच्या पब्लिक लायब्ररीला दिलं. कुठे टिंब नाही, सगळे सेमीकोलन. २००५ साली लायब्ररीने ते विकलं. वॉलमार्टच्या घराण्यातल्या अ‍ॅलिस वॉल्टन यांनी साधारण साडेतीन कोटी डॉलर्सना घेतलं असं छापून आलं. आता ते आर्कान्सातल्या त्यांच्या म्युझियममध्ये आहे. व्यवहार अगदी कायदेशीर. तरी शंभर वर्षं त्याला आपलं म्हणणाऱ्या न्यूयॉर्ककरांना जे वाटलं असेल, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

माझं घोडं इथेच अडतं. सातबाऱ्यावर मालक येतात, बघणारे येत नाहीत. सुधारगृहातली ती पोरं रोज त्या हिमनगांसमोरून जिना चढली-उतरली असतील. एखादा थबकलाही असेल. वॉटकिनच्या नावाची नोंद आहे, त्या पोरांची नाही.

असो. मी माझ्या एक्सेलमध्ये एक जादा कॉलम टाकलाय, 'कोणी पाहिलं'. बहुतेक ओळींत तो रिकामाच आहे.